मुंग्यांची वाट
बारा वर्षं बद्रीनाथांच्या लघवीला मोरीत मुंग्या लागायच्या. मधुमेहासाठी पोटाचं ऑपरेशन झालं आणि आठवड्यात त्या दिसेनाशा झाल्या. वजन अजून उतरलं नव्हतं, तरी साखर उतरली. "आतड्याची वाट बदलली की हार्मोन बदलतात, भूकही मरते," डॉक्टर म्हणाले होते. भरल्या ताटासमोर आपल्याऐवजी दुसराच कुणी बसलाय, असं त्यांना वाटे. चार वर्षांची नात मात्र सारखी खायला मागायची, तांब्याभर पाणी प्यायची. "तुमची भूक हिनंच उचलली जणू," बायको हसत म्हणाली, "पण अंगाला काही लागून राह्यलं नाही." एका सकाळी मुंग्या परत आल्या. बद्रीनाथ धसकले, पण मोरीत एकही नव्हती. रांग उंबरा ओलांडून नातीच्या ओल्या गोधडीत शिरत होती. त्यांनी साखर मोजायचं यंत्र काढलं, तिच्या बोटाला सुई टोचली. ती झोपेतच पुटपुटली, "आबा, भूक लागली."