पिळलेलं पाणी

मल्लम्मानं कारल्याच्या चकत्या मीठ लावून मुठीत घट्ट पिळल्या आणि ते हिरवं पाणी अंगणातल्या डाळिंबाच्या बुडाशी ओतलं. चार महिने हाच नेम, थेंब वाया घालवायचा नाही. रेणापुरात टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. लातूर जिल्हा होऊन वर्ष उलटलं होतं, पण नव्या जिल्ह्यानं येताना पाणी काही सोबत आणलं नव्हतं.

झाडाला एकच डाळिंब धरलं होतं, ते शिवगंगेसाठी. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना, ओठ पांढरेफटक. नर्सबाई म्हणाल्या होत्या, अंगात रक्त नाही, डाळिंब द्या. पण झाडाच्या पानांच्या कडा जळत चालल्या होत्या. दुपारी डोळा लागला की मल्लम्माला दिसायचं, नवरा अंगणात मुळं सोडून उभा आहे आणि ती डाळिंबाला पाट मांडून जेवायला वाढते आहे. झाड मुकाट्यानं जेवायचं. जाग आली की तिचं तिलाच हसू यायचं.

त्या दिवशी तिचा नवरा चंद्रप्पा लातूरच्या दवाखान्यातून परतला. त्याच्या पायाची जखम भरत नव्हती आणि साखर उतरत नव्हती.

"डॉक्टर पुसत व्हता, कारलं कसं करता म्हनून," ओट्यावर टेकत तो म्हणाला. "म्या म्हनलं, पिळून. तर म्हनला, गोळ्या घ्याच, पर कारलं पिळू नका. गुन कडूपनात हाय, तोच तुमी फेकून देता."

"तुमाला कडू लागू नये म्हनून पिळत होते."

"अन् ते पानी?"

मल्लम्मा उठली. डाळिंबाच्या बुडाची माती बोटावर घेऊन तिनं जिभेला लावली. खारट लागली, मीठच मीठ. नवऱ्याला आणि झाडाला, दोघांनाही तिनं मायेनंच जाळलं होतं.

सकाळी चंद्रप्पानं न्हाणीतला दगड उचलून डाळिंबाखाली मांडला. लिंगपूजेआधीची आंघोळ आजवर कधी उघड्यावर केल्याचं त्याला आठवत नव्हतं. मल्लम्मानं लुगड्याचा आडोसा धरला आणि बादलीभर पाणी त्याच्या अंगावरून मुळाशी, तिथलं मीठ धुवत गेलं. मग ते रोजचंच झालं.

ताटात आता न पिळलेलं कारलं असायचं.

"लई कडू हाय?"

"हाय की," डोळे पुसत तो म्हणायचा. "वाढ अजून."

महिन्याभरानं डाळिंबावर लाली चढली. आंघोळ उरकून चंद्रप्पा ओलेत्यानं उभा होता. मल्लम्मानं वाकून पुन्हा माती जिभेला लावली आणि डोळे मिटले.

"कशी लागती, अव्वा?" पोटावर हात ठेवून शिवगंगेनं दारातून विचारलं.

"मातीसारखी," मल्लम्मा म्हणाली. "निस्ती मातीसारखी."

शिवगंगा पायरी उतरून आली आणि चिमूटभर मातीसाठी तिनं तळहात पुढं केला.