पहिला अडथळा

लग्नाचं बोलण्याआधी त्याच्या बाबांशी ओळख व्हावी म्हणून अनीश मला इथे अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळ घोड्यांच्या अडथळा शर्यतीला घेऊन गेला. पुण्याहून आलेले त्याचे बाबा, ज्यांना मी काका म्हणत होते, रेसकार्ड वाचून घोडे पारखत होते.

"चार नंबरचा बाप चॅम्पियन होता. सात नंबरच्या खानदानाचा पत्ताच नाही. पहिल्याच अडथळ्याला पडणार."

"काका, या सीझनला सातने तीन रेस जिंकल्यात."

"जिंकू दे. शेवटी रक्त बोलतं." मग ते माझ्याकडे वळले. "तू नुसतंच संघमित्रा सांगितलंस. आडनाव काय? मूळचे कुठले तुम्ही?"

मी अनीशकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. तो मान खाली घालून मोबाइल चाळत राहिला.

समोर सात नंबरने पहिला अडथळा सहज ओलांडला.

"सोनकांबळे. बौद्ध आहोत आम्ही," मी उठत म्हणाले. "आणि काका, पहिल्याच अडथळ्याला तुमचा मुलगा पडला."