अकरावा वाटा

बोकडाच्या खालच्या दातांच्या मुळाशी हिरवी रेघ होती. केसाएवढी बारीक, पण सलग. नाथाजीने अंगठ्याने ओठ खाली ओढून धरला होता आणि ती रेघ तो गरजेपेक्षा जास्त वेळ बघत होता. अंबूबाई रेघेकडे बघत नव्हती. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

"डोंगराचं गवत," नाथाजी म्हणाला. "बांधून घातलेलं जनावर असं नसतं."

"दोन दाती हाय, कवळं. घ्यायचं तर घ्या."

सात वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्या अंगणात आला होता. हौसेने आला नव्हता. त्याची लेक लीला बाळंतपणानंतर भिंत धरून चालत होती. कराडच्या डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि अंगात रक्त नाही म्हणून सांगितलं. रोज रस्सा द्या, कलेजी द्या. पण बहात्तरच्या दुष्काळात गावोगावचे कळप विकले गेले होते. आता डोंगरावर गवत आलं होतं, चरायला शेरडं नव्हती. नाथाजी लोणंदच्या बाजारापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतला. मलकापूरच्या खाटकाचा भाव परवडत नव्हता. वर तो खाटीक हसून सांगे, "माल तुमच्याच वाडीचा हाय, पावणं. अंबूबाईचा."

अंबूबाई वाडीला बोकड विकत नसे.

पूर्वी विकायची. दर रविवारी वाडीतली दहा घरं मिळून एखादं बोकड घेत. पळसाच्या पानांवर दहा वाटे पडत आणि थोडक्या पैशांत घरोघर मटण शिजे. वाटे घालायचा मान नाथाजीचा. त्याच्या हाताला तराजू लागत नाही, असं लोक म्हणत.

सात वर्षांपूर्वी अंबूबाईचा नवरा जोतीराम मिरजेच्या दवाखान्यातून परतला, तेव्हा त्यालाही रस्साच सांगितला होता. घरातलं शेवटचं बोकड तिने औषधासाठी याच दहा घरांना विकलं होतं. मागे राहिल्या होत्या दोन गाभण शेळ्या. त्याच बोकडाचे वाटे पडत असताना ती पातेलं घेऊन नाथाजीसमोर उभी राहिली. एकच वाटा मागितला, तोही उधार. महिन्यापूर्वी तिची शेरडं नाथाजीच्या उसात शिरली होती.

"दहा घरं, दहा वाटे," नाथाजी म्हणाला होता. "अकरावा कुठनं आणू वैनी? माझ्या उसातनं?"

माणसं हसली होती. पुढच्या गुरुवारी जोतीराम गेला.

त्यानंतर अंबूबाईने त्या दोन शेळ्यांचा कळप केला. प्रत्येक बोकड ती चालत मलकापूरला नेई आणि खाटीक देईल ते घेई. या डोंगरावरच्या गवताचं मटण वाडीच्या चुलीवर शिजू द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. दुष्काळात सगळ्यांनी जनावरं काढली. तिने मात्र कपारीतला पाला कापून आणून शेरडं जगवली. लोकांना वाटलं, माया. तशी मायाही असेल थोडी. पण नाथाजीला एक दिवस हे अंगण चढावं लागणार, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी त्याला काय म्हणायचं, ते ती रोज रानात मनाशी घोकत होती. अजून ते तोंडातून निघालं नव्हतं.

"दहा घरं मिळून घेतो," नाथाजी म्हणाला. "पैसं रोख."

"वाटे हितंच पडतील. माझ्या अंगणात, तुमच्या हातानं. आनि कलेजी माझी."

नाथाजीने मान वर केली. "वैनी, त्या कलेजीसाठीच तर…"

"मग मलकापूरला जावा."

तो गेला नाही.

दुपारी बोकड कापलं. अंबूबाईने सबंध कलेजी पितळीत घेतली आणि आत नेऊन ठेवली. दहा घरची माणसं अंगणात बसली होती. नाथाजी एकेका पानावर मांस, हाड, चरबी ठेवत होता, पुन्हा उचलत होता.

"सोनं तोलतोस व्हय रं?" म्हातारा आकाराम म्हणाला. "उरक की गड्या. तवर बोकड पुन्यांदा उठून चरायला जाईल."

दहा वाटे झाले. अंबूबाई उठली आणि ओळीच्या टोकाला तिने अकरावं पान मांडलं.

"अकरा करा."

"अवं, दहा घरांचं…"

"हुत न्हाईत, आसं तुमीच म्हणाला हुता. करून बघा."

नाथाजीने पहिल्या पानावरचा एक तुकडा उचलला. मग दुसऱ्या पानावरचा. तिसऱ्यावरचं एक हाड. दहाव्या पानापाशी तो पोचला तेव्हा अकरावं पान भरलं होतं, आणि बाकीच्या दहांवर काही कमी झालेलं दिसत नव्हतं. यावेळी कोणी हसलं नाही. आकारामने तंबाखूची चंची उघडली आणि तशीच बंद केली.

एकेक जण आपापलं पान उचलून गेला. शेवटी दोन उरली, नाथाजीचं आणि अकरावं. नाथाजी आपल्या वाट्यासाठी वाकला.

"त्याला हात लावू नगा, भावजी. त्यो माझा."

तो रिकाम्या हाताने ताठ झाला. अंबूबाई आत गेली, पितळी घेऊन आली आणि सगळी कलेजी तिने अकराव्या पानावर ठेवली. मग ते पान दोन्ही हातांनी उचलून तिने त्याच्यापुढे धरलं.

"ह्यो आमच्या मालकांचा वाटा. सात वर्सं ऱ्हायला हुता. न्या, लीलाला घाला. आनि पहिला घास घ्यायच्या आदी तिला सांगा, कुनाचा हाय त्यो."