डाउवेचं मत

डाउवेचं मत पडलं. पण ते पडलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण डाउवे मंगळवारी पहाटे वारला आणि नगरपरिषदेचं मतदान बुधवारी होतं.

बुधवारी सकाळी त्याची बायको आफ्के तयारीला लागली. पिशवीत टपालाने घरी आलेली दोन मतदानपत्रं, ती दाखवली की केंद्रावर मतपत्रिका मिळते. एक तिचं. दुसरं डाउवेचं, मागच्या बाजूला 'माझं मत माझ्या बायकोने टाकावं' असं लिहून त्याखाली त्याची सही; ज्याला येता येत नाही त्याला तिथे तशी मुभा असते. सोबत त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि तिचा वाचायचा चष्मा. मतपत्रिका टेबलक्लॉथएवढी असते, घडी चुकली की पेटीत जात नाही. म्हणून गेल्या आठवड्यात दोघांनी वर्तमानपत्रावर सरावसुद्धा केला होता. डाउवे अंथरुणातून सूचना देत होता.

"आणि माझं मत तुझ्या लोकांना देऊन येऊ नकोस."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. त्यांनाच देशील असा पक्का विश्वास आहे."

लग्न झाल्यापासून हे असंच. आफ्केला दफनभूमीमागे पवनचक्क्या हव्या होत्या, डाउवेला नको होत्या. त्याआधी तिला नवा पूल हवा होता, त्याला नको होता. दर निवडणुकीला दोघं सायकलवरून जात, एकमेकांचं मत खोडत आणि घरी येऊन वाटाण्याचं सूप पीत. त्या घरात कधीच कुणी जिंकलं नाही. आज त्याचं मत पेटीत पडलं नाही, तर ती जिंकणार होती. तेवढं मात्र तिला नको होतं.

निघताना ती बैठकीच्या खोलीत डोकावली. डाउवे खिडकीखाली पडला होता, कोट-टाय घालून. दफन होईपर्यंत देह थंड राहावा म्हणून त्याच्याखाली ठेवलेली विजेची गार फळी बारीक घुरघुरत होती. झोपमोड होईल म्हणून पवनचक्क्यांना विरोध करणारा माणूस त्या आवाजात शांत पडून होता.

"जाऊन येते," ती म्हणाली.

केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत होतं. टेबलामागे केंद्रप्रमुख म्हणून सीब्रन, तिचा शेजारी. त्याच्या बाजूला रद्द मतदानपत्रांची यादी घेऊन बसलेल्या रिन्स्केबाई.

"दोन मतं," आफ्के म्हणाली.

रिन्स्केबाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "डाउवे यात नाहीत. चालतील."

असणार कसे? मृत्यूची नोंद घेणारी खिडकी आज बंद होती. तिथली माणसं मतदानाच्या कामाला जुंपली होती. ती परत येईपर्यंत डाउवे सरकारदरबारी ठणठणीत होता.

सीब्रनने त्याचं मतदानपत्र उचललं, सही पाहिली आणि खाली ठेवलं.

"हे मला घेता येणार नाही. मृत व्यक्तीच्या वतीने आपल्याला मत देता येत नाही."

"आपल्याला? काल संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात कपबशा विसळत होतास, तेव्हा 'अगं आफ्के' चाललं होतं."

"अगं, तेच तर झालंय. मी भेटायला आलो नसतो, कॉफी प्यायलो नसतो, तर मला काही माहीतच नसतं. पण आलो. पाहिला त्याला."

"म्हणजे तू कॉफी प्यायलास म्हणून तो गेला?"

सीब्रनने यावर विचार केला. तो प्रामाणिक माणूस होता. "या केंद्रापुरतं, हो."

"बिस्किटपण खाल्लंस."

"तू पुढे केलंस म्हणून."

"झोपला असेल तो. तू काय डॉक्टर आहेस?"



"आफ्के," सीब्रन हळू आवाजात म्हणाला, "मी त्याच्या कपाळावर हात ठेवला होता."

"मी पण," ती म्हणाली.

त्याने डाउवेचं पत्र बाजूला सारलं आणि तिला एकच मतपत्रिका दिली.

ती आडोशात गेली. साखळीला बांधलेली लाल पेन्सिल उचलली. तिच्या पक्षाची नावं कागदाच्या पार डाव्या टोकाला होती, डाउवेच्या पक्षाची उजव्या. मतदान गुप्त असतं, तेव्हा आत काय झालं ते सांगता येणार नाही. पडद्याखालून रांगेला तिचे बूट तेवढे दिसत होते. ते आधी डावीकडे उभे होते. मग उजवीकडे सरकले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

घडी पहिल्याच फटक्यात बरोबर आली. कागद पेटीत पडला.

"झालं सगळं नीट?" सीब्रनने विचारलं.

"नाही. मला हरकत नोंदवायची आहे."

मतदाराने हरकत घेतली, तर ती केंद्राच्या अहवालात लिहावीच लागते. सीब्रनने पेन उघडलं. आफ्के सांगत गेली, तो लिहीत गेला. मध्ये एकदा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा खाली घातली आणि उरलेलं लिहिलं.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

सीब्रनने घसा साफ केला.

"मतदार आफ्के यांची हरकत. सदर मतदान उशिरा घेण्यात आलेले आहे. तरी ही निवडणूक गेल्या सोमवारी घेण्यात यावी, ही विनंती."