साडेचारशे अंश

हॉस्पिटलच्या खाटांच्या कठड्यांवर द्यायचा झिंक ऑक्साइडचा जंतुनाशक लेप मी तयार केला. खाटांचा कारखाना धाकट्या भावाचा. लेप साडेचारशे अंशांवर दोन तास भाजला नाही, तर नुसत्या फडक्यानेही पुसला जातो, हे मी त्याला शंभरदा बजावलं होतं.

"भट्टी चुकवत नाहीस ना?"

"तुझ्या रागापुढे भट्टी थंड गं, ताई. कशी चुकवीन?"

बाबांच्या ऑपरेशननंतर मी हट्टाने त्यांना भावाच्या खाटा असलेल्या वॉर्डात ठेवलं आणि कौतुकाने त्याला फोन केला, "बाबा आपल्याच खाटेवर आहेत. आता जंतूंची काय बिशाद!"





"ताई, त्यांना आधी तिथून हलव."