आवाज स्वच्छ होताना

बाहेरच्या खोलीत होल्गेरनं पुन्हा तेच गाणं लावलं. भांडी विसळता विसळता बेरितनं नळ बंद केला आणि कान दिला. गाणं मधेच थांबलं, थोडं मागं गेलं आणि पुन्हा सुरू झालं. बरोबर त्याच जागी, जिथं सगळे आवाज खाली उतरतात आणि एकटीच बाई गाऊ लागते.

त्या एकट्या आवाजावर त्यांचा त्रेचाळीस वर्षांचा संसार उभा होता.

तेव्हा होल्गेर बोरोस गावच्या चर्चमध्ये नाताळच्या दिव्यांच्या वायरी ओढायला आला होता. तो होता वर सज्जात, खांबाआड. गाणारं कुणी त्याला दिसत नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर कॉफीच्या टेबलाशी जी समोर आली तिलाच त्यानं विचारलं, "ते मधे एकटं कोण गायलं?" समोर आली होती तेवीस वर्षांची बेरित. गायली होती तिच्याच गायनवृंदातली गुन्वोर, आणि ती तर दक्षिणेकडची आगगाडी गाठायला केव्हाच निघून गेली होती.

"मी," बेरितच्या तोंडून निघून गेलं.

उद्या खरं सांगून टाकू, असं तिनं ठरवलं. तो उद्याचा दिवस काही उगवला नाही. लग्न ठरल्यावर घशाचं निमित्त काढून तिनं गायनवृंदच सोडून दिला. त्या कार्यक्रमाची टेपवरून उतरवलेली नक्कल आता संगणकावर होती, पण ती इतकी घोगरी की तो आवाज कुणाचाही म्हणून खपून जावा. त्या घोगरेपणाच्या जिवावर बेरित निवांत होती.

मग होल्गेर निवृत्त झाला आणि त्याला आवाज सुधारायचं खूळ लागलं.

"महागाचं काही घेणार नाही," तो म्हणाला. तेवढ्यानं बेरितला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. आधी त्यानं संगणक आपल्या मनानं आवाजाला जो मीठमसाला लावतो, तो सगळा शोधून शोधून बंद केला. मग टपालानं काडेपेटीएवढी एक डबी आली. ती संगणकाला जोडल्यावर मागची खरखर नाहीशी झाली. मग जुन्या सामानाच्या दुकानातून स्पीकरची जोडी आली, बसमधून त्याच्या मांडीवर बसून. होल्गेरनं ते स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं ओढले, कानांच्या उंचीवर आणले, खाली जुन्या रबरी चटईचे तुकडे घातले. उघड्या भिंतीवर घोंगडी टांगली, म्हणजे आवाज घुमायला नको. दर खेपेला गाणं थोडं आणखी उघडं पडत होतं.

"कसं वाटतंय?" तो विचारायचा.

"होतं तेच बरं होतं."

"तुझे कान गेले, बेरित."

"आणि तुझं डोकं. दिवाणखान्यात कुणी घोंगडी टांगतं का?"

केर काढताना ती स्पीकर मुद्दाम भिंतीला सरकवून ठेवायची. होल्गेर मोजपट्टी आणून ते परत जागच्या जागी ठेवायचा. भांडला असता तर बरं, असं तिला वाटे. तो एका कागदावर काहीतरी टिपून ठेवायचा आणि ती कॉफी घेऊन आली की त्यावर वर्तमानपत्र ओढायचा. याला संशय आलाय. नक्कीच आलाय. आता हा पुरावा गोळा करतोय.

मंगळवारी तिनं त्याला गायनवृंदाच्या जुन्या चिटणिसाशी फोनवर बोलताना ऐकलं. "मूळ टेपवरनं घेतलेली नक्कल पाठव. दाबून लहान केलेली नको, तिच्यात बारकावे मरतात. आणि त्या दिवशी कोण कुठं उभं होतं, तो फोटो असेल तर तोही दे."

बेरित न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि टबाच्या कडेवर बसून राहिली.

रविवारी दुपारी होल्गेरनं दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध खुर्ची मांडली. "बस इथं."

"मला बन भाजायचेत."

"बेरित, बस."

ती बसली. गाणं सुरू झालं, आणि तिच्या अंगावर काटा आला. पावलांची चुळबुळ, पानं उलटल्याची सळसळ, कुणाचा तरी दाबलेला खोकला. मग सगळे आवाज खाली उतरले आणि ती एकटी गाऊ लागली. स्वच्छ, लखलखीत. आणि तो र! दक्षिणेकडची माणसं घशातून काढतात तसला. बोरोसमध्ये जन्मलेल्या बेरितच्या तोंडून तो र या जन्मी निघाला नसता.

"ही मी नाही," ती म्हणाली. "ही गुन्वोर आहे. मी तुला खोटं सांगितलं."

"ठाऊक आहे."

"आत्ता कळलं ना? आज?"

"आपली लीना पाळण्यात होती तेव्हा. तू तिला गाऊन झोपवायचीस. तेव्हाच कळलं."

बेरित खुर्चीतच त्याच्याकडे वळली. "मग इतके दिवस माझ्या जिवाला घोर का लावलास? कशासाठी चाललंय हे सगळं?"

"तुला घोर लागला होता? मला वाटलं, घोंगडीमुळं रुसलीस." त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "गप. आता सगळ्या परत सुरू होतील. डाव्या बाजूला कान दे. मागची रांग, कडेनं तिसरी. कितीतरी दिवस मी तिलाच शोधतोय."

चाळीस आवाज एकदम उठले. त्यांच्या तळाशी, अगदी डावीकडं, एक पातळसा, भित्रा आवाज इतरांच्या किंचित मागून चालला होता. तेवीस वर्षांचा. बेरितनं तो त्रेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. तिनं तोंडावर हात धरला.

"जराशी बेसूरच आहे रे," ती म्हणाली.

"म्हणून तर सापडलीस," होल्गेर म्हणाला.