झालरींचा दंड

"तुमचे लाल टिकतील बघा, ताई," शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत भावजय म्हणाली. "चार मॅचमध्ये एक तरी जिंकलात. गोलकीपर तर नुसती भिंत आहे. आमच्या हिरव्यांचं काही खरं नाही. एक पॉइंट! बुडत्याचा पाय खोलात."

"काहीतरीच!" समोरच्या टेबलावरून नणंद कडाडली. "सुरुवातीलाच तीन बलाढ्य संघ वाट्याला आले तुमच्या. त्यांच्यापुढे कोणाचं काय चालतं? आता सोप्या मॅच येतील, मग बघ कसे वर सरकता. आमचं सांगू नकोस. गोल करणारा एकुलता एक होता, तोच विकून टाकला. भिंत काय गोल मारणार आहे? आम्हीच गाशा गुंडाळणार."

जगात सगळीकडे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. या इस्त्रीच्या दुकानात मात्र उलटा कारभार. वीस संघांतले शेवटचे तीन मे महिन्यात खालच्या गटात ढकलले जायचे, आणि लाल काय, हिरवे काय, दरवर्षी त्याच कड्याच्या टोकाला लोंबकळत असायचे. त्यामुळे दोघींचा नियम असा, की आपल्या संघाबद्दल चांगलं बोलायचं नाही. दृष्ट लागते. चांगलं बोलायचं ते दुसरीने. चुकून जिची जीभ घसरेल तिने त्या दिवशीचे सगळे झालरींचे फ्रॉक इस्त्री करायचे. झालरींपेक्षा फाशी बरी, असं दोघींचंही मत होतं.

दुकानात तिसरा होता तो भावजयीचा नवरा, म्हणजे नणंदेचा धाकटा भाऊ. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो वाफेच्या मशीनवर पॅंट दाबायचा आणि दंड ठोठावायचा. तेवढाच त्याला घरात अधिकार होता.

भावजयीला पाचवा महिना लागला होता. याआधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आतच सगळं संपलं. मागच्या खेपेला नणंदेने हौसेने टोपी विणायला घेतली होती, ती अर्धीच राहिली. तेव्हापासून घरात बाळाचा विषय निघत नव्हता. सुईएवढी वस्तू आणायची नाही, अशी भावजयीची ताकीद होती. काल डॉक्टरांनी सगळं छान आहे म्हणून सांगितलं, तरी तिघांची अळीमिळी गुपचिळी. गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यात एखादं झबलं किंवा छोटासा फ्रॉक निघाला, की नणंद तो काही न बोलता आपल्या टेबलावर ओढून घ्यायची. दंड असो वा नसो, बरेच दिवस झालरी तिच्याच नशिबी होत्या.

भावजयीने पुढचा गठ्ठा सोडला. दोन चादरींच्या मध्ये तळहाताएवढा एक हिरवा शर्ट होता. छातीवर हिरव्यांचं चिन्ह, पाठीवर नंबरसुद्धा.

"हा कोणाचा? कपड्याला खूण बांधलेली नाही."

नणंद एकाच उशीच्या अभ्र्यावरून तिसऱ्यांदा इस्त्री फिरवत होती. "गिऱ्हाइकाचा नाही," ती म्हणाली. "आपला आहे."

वाफेचं मशीन थांबलं. भावाने आधी बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि उगाचच एक पॅंट झटकली.

"तुम्ही हिरव्यांच्या दुकानात गेलात?" भावजयीचा आवाज बारीक झाला.

"गेले. तोंडाला रुमाल बांधून गेले, चोरासारखी. आमच्यातल्या कोणी पाहिलं असतं तर वाळीत टाकलं असतं मला." नणंदेने इस्त्री उभी करून ठेवली. "रागावू नकोस गं. त्या टोपीपासून माझ्या हातात सुई धरवत नाही. मलाही भीती वाटते. पण तुझ्या बाजूने चांगलं बोलायचं काम माझं. नियम आहे आपला. आणि मी दिवसभर बोलते कशाबद्दल, तर त्या अकरा घोड्यांबद्दल!"

भावजयीने शर्ट टेबलावर पसरला. बाह्या सरळ केल्या. बोटं पसरून छातीची रुंदी मोजली, मग लांबी मोजली. तिचे डोळे भरून आले होते, पण कपाळाला आठी पडली होती. गिऱ्हाइकाने बटण तुटलेला कोट आणला की पडते तीच.

"हा चालायचा नाही," ती म्हणाली.

नणंदेचा चेहरा उतरला. "बरं. परत करते."

"परत नाही, बदलून आणा. अगदी नुकत्या जन्मलेल्याचं माप आहे हे. शेवटची मॅच मेमध्ये. तोवर तीन-चार महिन्यांचं होईल ते. हा डोक्यातून तरी जाईल का त्याच्या?"

"म्हणजे पुन्हा त्या दुकानात जाऊ मी?"

"जा की. रुमाल आहे ना!" भावजयीने डोळे पुसले आणि शर्टाची नीट घडी घातली. "आणि मोठाच आणा. वरच्या गटातच घालायचाय तो. टिकणार आहोत आम्ही यंदा."



"दंड!" भाऊ ओरडला. ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला, म्हणून तो पाठ फिरवून मशीनची वाफ सोडू लागला.

नणंदेच्या टेबलावर कोणाच्या तरी मुलीचा गुलाबी फ्रॉक पडला होता. सवयीने तिने तो आपल्याकडे ओढला, तेवढ्यात भावजयीने हात पुढे केला.

"आणा इकडे. दंड माझा आहे."

तिने फ्रॉक फळीवर पसरला. झालरी पुष्कळ होत्या. तिने सगळ्यात खालचीपासून सुरुवात केली.